कलिंगडाचा वेल जोरात, पण फळं सुपारीएवढी होऊन पिवळी पडतात. काय करू?

जाई_बदलापूर | ३ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

बदलापूरला आमचं रो-हाऊस आहे, मागे दहा बाय बाराची जागा. बिल्डरने तिथे डबर टाकून ठेवला होता, तो उपसून लाल माती आणि शेणखत भरून घेतलं. पालेभाज्या, मिरच्या, काकडी बऱ्यापैकी येतात. यंदा मुलगा हट्टाला पेटला म्हणून शुगर बेबीचं पाकीट आणलं आणि संक्रांतीच्या सुमारास तीन आळ्यांत बी टोचलं. प्रत्येक आळ्यात एकच दणकट रोप ठेवलं, बाकीची काढून टाकली. ऊन सकाळी नऊपासून चारपर्यंत.

वेल म्हणाल तर बघत राहावं असा आहे. एक तर कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत पोचलाय. फुलंही भरपूर. पण फळ धरत नाही. म्हणजे धरतं, हिरवं लुसलुशीत सुपारीएवढं होतं, आणि मग पिवळं पडून देठाशी सुकतं. बोट लावलं की हातात येतं. रोज दोन-चार अशी गोळा करते.

रोपं लहान होती तेव्हा लाल भुंग्यांनी पानांची चाळण केली होती, म्हणून बांबू रोवून वर जुनी डबलबेडची मच्छरदाणी टाकली. त्याने भुंगे आटोक्यात आले. संध्याकाळी ऑफिसमधून आले की कड उचलून पाणी घालते.

सासरे म्हणतात वेल माजलाय, शेंडे छाट. शेजारचे काका म्हणतात डीएपी खत टाक. नर्सरीवाल्याने टॉनिकची बाटली दिलीय, ती अजून उघडलेली नाही. एका व्हिडिओत ताक आणि गूळ फवारायला सांगितलंय. एकोणीस-एकोणीस खत मात्र एकदा देऊन झालंय. आता नक्की कोणाचं ऐकू? फोटो खाली जोडलेत.

गच्चीशेती_कोथरूड | ३ मार्च, रात्री ११:१५

फोटो छान आहेत. मला बोरॉनची कमतरता वाटते. लिटरला एक ग्रॅम बोरॉन फवारून बघा, फळ सेट व्हायला मदत होते. मी गच्चीवर साठ लिटरच्या अर्ध्या ड्रममध्ये एकेक वेल लावतो. वीस लिटरच्या पिशवीत लावलेला वेल एप्रिलमध्ये दुपारी मान टाकतो, कितीही पाणी घाला. तुमची जमीन आहे, म्हणजे तुम्ही नशीबवान.

रेवदंड्याची | ४ मार्च, सकाळी ७:०५

जाई, तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? नातवंडं आहेत मला.

तुझा तिसरा फोटो मोठा करून पाहिला. वेलाला काहीही झालेलं नाही. पान हिरवंगार, शेंडा वर उचललेला, कोवळ्या टोकावर लव. उपाशी वेलाचं तोंड असं नसतं. बोरॉन, डीएपी, टॉनिक सगळं बाजूला ठेव, आणि ताक कढीला वापर. ती मच्छरदाणी अजून आहे ना तिथे? मग मधमाशी आत येणार कुठून?

कलिंगडाच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. आधी आठ-दहा दिवस नुसती नर येतात. ती गळतात, गळायचीच असतात, त्याचं मनाला लावून घ्यायचं नाही. मग मादी येऊ लागते. मादी फुलाच्या बुडाला, फूल उमलायच्याही आधीपासून, लव असलेला बारका गोळा असतो. बघणाऱ्याला वाटतं फळ धरलं. धरलेलं काही नसतं. ज्या दिवशी फूल उमलतं त्या दिवशी सकाळी त्याला पराग मिळाले तर गोळा फुगतो. नाही मिळाले तर दोन-तीन दिवस तग धरतो, थोडा वाढल्यासारखाही दिसतो आणि पिवळा पडतो. तू रोज गोळा करतेस ते हे.

फूल एकच दिवस असतं. उजाडताना उमलतं, दुपारपर्यंत मिटतं, पुन्हा उघडत नाही. तू संध्याकाळी कड उचलतेस, तोवर त्या दिवशीचा खेळ आटोपलेला असतो.

आता काय करायचं ते सांगते. उद्या सकाळी सात-साडेसातला चहा ठेवायच्या आधी परसात जा. आधी मादी फुलं शोध, गोळेवाली. तीन वेलांवर मिळून दोन-चार असतील. मग नर फुलं तोड, बारीक सरळ देठाची, पूर्ण उमललेली. नर फुलाच्या पाकळ्या मागे सोलून काढ, केळं सोलतेस तशा. मध्ये पिवळा तुरा उरतो. बोटाला लावून बघ, पिवळी पूड लागली तर ताजं आहे. मादी फुलाच्या मध्ये तीन भागांचं फुगीर, किंचित ओलसर असं असतं, त्याच्या तिन्ही भागांवर तो तुरा हलक्या हाताने फिरव. एका मादीला दोन-तीन नर वापर, कंजूषपणा करू नकोस. एकाच बाजूला पराग लागले की फळ एका बाजूने फुगतं आणि दुसरीकडे चपटं राहतं. बाजारात वाकडी कलिंगडं बघतेस ना, त्यातली बरीचशी अशीच झालेली असतात. माशी हे काम करते तेव्हा एका फुलावर तिच्या आठ-दहा तरी फेऱ्या व्हाव्या लागतात, म्हणून आपणही घाई करायची नाही.

झालं की देठाला लोकरीचा रंगीत धागा सैल बांध आणि तारीख लिहून ठेव. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिही, दुधाच्या हिशेबाशेजारी. ही तारीख शेवटी कामाला येते. ती का, ते फळ मोठं झालं की सांगेन. दोन-तीन दिवसांत गोळ्याने मान खाली घातली आणि अंगावर तकाकी आली की समजायचं लागलं.

मच्छरदाणी काढच. लाल भुंगा खरा नुकसान करतो तो रोप दोन-चार पानांवर असताना. आता तुझा वेल सात फुटांचा झालाय, चार पानं खाल्ली तर खाऊ दे. आमच्याकडे पहाटेच्या दवावर चुलीतली राख चाळून भुरभुरवतात. सकाळी गारठ्यात भुंगे सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. फवारणी मात्र फुलोऱ्यात नको, अगदीच करायची वेळ आली तर संध्याकाळी. नाहीतर ज्यांना बोलावतेयस त्यांनाच मारशील.

राहिला सासऱ्यांचा मुद्दा. वेल माजलाय हे त्यांचं अगदी चूक नाही. एकोणीस-एकोणीसमधलं नत्र पानांत गेलं. पण सगळे शेंडे छाटू नकोस, पानांतूनच फळात साखर येते. मुख्य वेल आणि दोन बगलफुटी ठेव, बाकीच्या फुटी कोवळ्या असताना नखाने खुड. आळ्याजवळच, पहिल्या सात-आठ पानांत एखादं फळ धरलं तर तेही काढून टाक, ते लहान राहतं आणि पुढच्यांचं अडवतं. बाराव्या पानाच्या पुढचं ठेव. तुझ्या जागेत एका वेलाला एक फळ, फार तर दोन. हे कोणाला पटत नाही. माझ्या धाकट्या जावेलाही पटत नाही, ती वेलाला पाच ठेवते आणि पाचही भाजीच्या लायकीची होतात.

आमच्याकडे भात निघालं की त्याच खाचरात डिसेंबरात कलिंगड लावतात, म्हणून हे सगळं अंगवळणी पडलंय. शेतात कोणी हाताने पराग लावत बसत नाही, तिथे माश्याच इतक्या असतात. घराच्या मागे तीन वेल असतील तर मात्र माशीच्या भरवशावर राहू नये, मच्छरदाणी असो वा नसो.

गच्चीशेती_कोथरूड | ४ मार्च, सकाळी ९:३०

मच्छरदाणीचं वाक्य मी वाचलंच नव्हतं! काकूंचं बरोबर. बोरॉन राहू द्या.

जाई_बदलापूर | ८ मार्च, सकाळी ८:२०

काकू, चालेल काय, धावेल. त्याच दिवशी मच्छरदाणी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन गेले, त्याने नर फुलं तोडली, मी लावली. नर-मादी फुलं ओळखण्यात तो माझ्यापेक्षा पटाईत निघाला. सहा फुलांना लावलं, त्यातल्या चारांनी मान खाली घातली आहे आणि एक तर आत्ताच लिंबाएवढं दिसतंय. आणि माश्या येतात! बारक्या, नारिंगी पोटाच्या. इतके दिवस कुठे होत्या कोण जाणे.

आता एक नवीन शंका. कलिंगडाच्या बाजूलाच काकडीचा वेल आहे. त्याच माश्या दोन्हीकडे फिरतात. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, काकडीचे पराग लागले की कलिंगड पाणचट होतं, तिच्या माहेरी झालं होतं. काकडी उपटू का? ती आता कुठे लागायला सुरुवात झालीय हो.

कृषी_पदवीधर | ८ मार्च, दुपारी १:०५

काकडी उपटू नका. काकडी आणि कलिंगड एकाच कुळातली असली तरी त्यांचा आपसात संकर होत नाही. भोपळा, दुधी, खरबूज यांच्याशीही होत नाही. काकडीचे पराग कलिंगडाच्या फुलावर पडले तर फळ धरणार नाही, इतकंच. शेजारी दुसऱ्या जातीचं कलिंगड असेल तर संकर होईल, पण त्याचा परिणाम बियांत उतरतो. जो गर आपण खातो तो मूळ वेलाचाच असतो, या वर्षीच्या चवीत काही फरक पडत नाही.

पाणचट होण्याची कारणं वेगळी: काढणीच्या आधी भरमसाट पाणी, भुरी किंवा केवडा या रोगांनी पानं जाणं, वेलाला जास्त फळं, ढगाळ हवा, आणि सगळ्यात जास्त वेळा कच्चं तोडणं. कलिंगड तोडल्यावर घरात गोड होत नाही. आंब्यासारखी अढी घालून उपयोग नाही.

बारक्या नारिंगी पोटाच्या म्हणजे फुलोरी माश्या असाव्यात. झुडपात लहानसं एका पदराचं पोळं करतात. सातेरी मधमाश्याही येत असतील, नीट बघा.

पुढच्या वर्षी लावणार असाल तर एक सुचवतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का मुथू नावाची जात आहे. वेल साधारण सव्वा मीटरच वाढतो, पेरं आखूड, फळ अडीच-तीन किलोचं, ७५-८० दिवसांत तयार. दहा बाय बारात तीनऐवजी पाच-सहा वेल बसतील. त्याच संस्थेची अर्का माणिकही चांगली आहे, भुरी-केवड्याला दाद देत नाही, पण फळ सहा किलोपर्यंत जातं आणि वेलाला पसरायला जागा लागते.

वैनगंगाकाठ | ८ मार्च, रात्री ९:५०

जाईताई, आमच्या भंडारा जिल्ह्यात टरबूज नदीतच लावत. पूर ओसरला, वाळू उघडी पडली की ढिवर मंडळी पात्रात डांगरवाड्या घालत. वाळूत लांब चर खणायचे, ओल लागेपर्यंत खोल, त्यात शेणखत भरायचं आणि बी टाकायचं. वरून वाळू तव्यासारखी तापते आणि मुळं खाली ओलीत. लहानपणी बाबांसोबत जायचो तेव्हा तिथेच गवताच्या झोपडीत बसून खायचो, टरबूज आणि डांगर (खरबूज) दोन्ही. गोसेखुर्द धरणाचं पाणी साठायला लागल्यापासून आमच्या बाजूची वाळू बुडाली, वाड्या गेल्या.

हे सांगायचं कारण तुमचं पाणी. तुम्ही रोज संध्याकाळी पाणी घालता असं लिहिलंय. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि मग ऊन लागलं की वेल रडतो. तीन-चार दिवसांनी एकदा द्या, पण आळं भरून, सावकाश जिरेल असं, आणि सकाळी. पानांवर पाणी उडू देऊ नका. आळ्यात वाळलेल्या पानांचा जाड थर टाका. फळाखाली पेंढा घाला, ओल्या मातीला टेकलं की खालून सडतं.

शेंडे खुडायचं म्हणाल तर आमच्याकडे कोणी खुडत नसे. नदीभर जागा होती. तुमच्या जागेत खुडावंच लागेल, काकूंचं बरोबर आहे.

रेवदंड्याची | ९ मार्च, सकाळी ६:५५

पाण्याचं अगदी खरं. आमची जमीन रेताड, किनाऱ्याची, तिथे दिवसाआड द्यावं लागतं. जाई, तुझी लाल माती पाणी धरते, तेव्हा भाऊ सांगतात तसं कर. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघ. ओल लागली तर परत ये, पाण्याचा झारा हातात असला तरी.

जाई_बदलापूर | २१ मार्च, रात्री १०:१०

फळं पाच झालीत. त्यातली तीन ठेवली, दोन काढताना मुलाने अश्रू गाळले. सगळ्यात मोठं नारळाएवढं आहे, सोललेल्या नाही, असोल्या. तारेवर चढलेल्या वेलालाही एक लागलंय, ते हवेत लोंबतंय.

पण आज दोन गोष्टी दिसल्या. मागाहून धरलेल्या एका छोट्या फळावर सुईने टोचल्यासारखं भोक आणि त्यावर डिंकासारखा थेंब. कापलं तर आत पांढऱ्या अळ्या. अगदी उडी मारणाऱ्या! दुसरं, लोंबणाऱ्या फळाच्या वजनाने वेल ताणला गेलाय. तुटेल का?

कृषी_पदवीधर | २१ मार्च, रात्री ११:००

उडी मारणाऱ्या अळ्या म्हणजे फळमाशी. ती कोवळ्या फळात अंडी घालते, साल कडक झाली की तिला टोचायला जड जातं. तेव्हा पुढचे आठ-दहा दिवस जपायचे.

सापळा लावा, पण दुकानात नीट मागा. आंब्याच्या बागेत लावतात त्यात मिथाइल युजेनॉल हे आमिष असतं. त्याला आंब्या-पेरूवरची फळमाशी येते, वेलभाज्यांवरची येत नाही. तुम्हाला क्यू-ल्यूर हवं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा प्रसिद्ध आहे, तसल्या डब्यात क्यू-ल्यूरची वडी टाकली की झालं. तुमच्या जागेला एक सापळा पुरे. वेलापासून थोडा दूर टांगा. लक्षात घ्या, त्यात फक्त नर माश्या अडकतात. त्यामुळे सापळा लावला म्हणून निर्धास्त राहू नका, फळं झाकावी लागतीलच.

कीड लागलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका. अळी मातीत जाऊन कोश करते आणि पुन्हा माशी होऊन येते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवा, मग फेका.

गच्चीशेती_कोथरूड | २२ मार्च, सकाळी ८:००

लोंबणाऱ्या फळाचं माझ्याकडे आहे उत्तर, शेवटी काहीतरी! कांद्याच्या जाळीदार पोत्याचा तुकडा घ्या, त्याची झोळी करा, फळ त्यात बसवा आणि झोळीची चारही टोकं तारेला बांधा. वजन झोळीवर आलं पाहिजे, देठ सैल राहिला पाहिजे. झोळी थोडी मोठी ठेवा, फळ अजून दुप्पट होणार आहे. पाणी साचेल असं प्लास्टिक वापरू नका. आणि ती कपड्यांची तार भिंतीतून उपटून येणार नाही ना, ते आधी बघा. माझी आली होती, वर दोन ओल्या चादरीही होत्या.

रेवदंड्याची | २२ मार्च, सकाळी ८:४५

झाकायला जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिव, तोंडाला नाडी. पातळ, वारा जाईल अशा. फळाने मान खाली घातली की त्याच दिवशी पिशवी चढवायची, आधी नाही. मोठ्याला आता गरज नाही, पण पश्चिमेचं ऊन थेट पडत असेल तर त्यावर पेंढा किंवा एखादं सुकं झाप टाक. एप्रिलच्या उन्हात साल पांढरी भाजते.

खत आता काही नको. द्यायचंच असेल तर ०:०:५० हे पालाशचं खत दोन-तीन ग्रॅम लिटरला, एकदा. चूल असती तर राख म्हटली असती. युरियाचं नाव काढू नकोस.

जाई_बदलापूर | ७ एप्रिल, रात्री ९:३०

काकू, कॅलेंडरवर ५ मार्च लिहिलेलं फळ तयार झालं असेल का? महिना उलटून गेला. घरात रोज मतदान होतं. सासरे टिचकी मारतात आणि म्हणतात झालं. मुलगा मारतो आणि म्हणतो झालंच. यजमान म्हणतात अजून वाढेल. मला तर सगळे आवाज सारखेच ऐकू येतात.

रेवदंड्याची | ८ एप्रिल, सकाळी ७:१५

टिचकीवर मीही विश्वास ठेवत नाही. बाजारात बसणारा दिवसाला शंभर फळं वाजवतो, त्याचा कान तयार असतो. आपण वर्षाला तीन वाजवणार.

आधी तारीख. शुगर बेबीला फूल लागल्यापासून तीस-पस्तीस दिवस. म्हणजे तुझं दारात आलंय.

मग तणावा बघ. फळाचा देठ वेलाला जिथे जुळतो, तिथूनच एक कुरळा तंतू निघतो. तोच बघायचा, शेजारच्या पेऱ्यातला नाही. तो हिरवा असेल तर कच्चं. टोकाला सुकलाय पण बुडाला हिरवा, तर थांब. बुडापर्यंत तपकिरी होऊन चुरचुरीत वाळला की तयार. मग फळ हळूच कलंडून पोटाखाली बघ. जमिनीला टेकलेला डाग पांढरट असेल तर वेळ आहे, लोण्यासारखा पिवळा झाला की काढ. झोळीतल्या फळाला हा डाग नसतोच, त्याच्यासाठी तणावा आणि तारीख. तिसरं म्हणजे सालीची तकाकी जाते. शुगर बेबी काळपट हिरवी असतेच, पिकल्यावर मंद दिसते, धूळ बसल्यासारखी, आणि पुसली तरी चमकत नाही.

पाणी आतापासून निम्मं कर, पण तोडू नकोस. वेल कोमेजवून मग एकदम भरपूर दिलंस तर फळ तडकतं. अवकाळी आला तरी तडकतं, तिथे आपला इलाज नाही, पावसाचा रंग दिसला तर काढून मोकळी हो.

काढताना पिळू नको, ओढू नको. सुरीने दोन बोटं देठ ठेवून काप. सकाळी काढ, फळ गार असतं.

पेडणेकर_म्हापसा | ८ एप्रिल, सकाळी ११:२०

मध्येच बोलतो, रागावू नका. पहिल्या फळाचं बी ठेवा. आमच्या गोव्यातल्या पर्रा गावच्या कलिंगडांची गोष्ट मनोहर पर्रीकर भाषणांत सांगायचे. गावातला बागाईतदार पोरांना सगळ्यात मोठी कलिंगडं फुकट खायला घालायचा, अट एकच, बी चावायचं नाही, भांड्यात टाकायचं. ते बी पुढच्या वर्षाला. मुलाच्या हाती कारभार आला, त्याने मोठी फळं बाजारात धाडली आणि लहान पोरांपुढे ठेवली. बी लहानांचं राहिलं, फळं वर्षागणिक बारकी होत गेली. तुम्ही मोठ्याचंच ठेवा.

कृषी_पदवीधर | ८ एप्रिल, दुपारी १२:४०

शुगर बेबी सरळ वाण आहे, त्याचं बी ठेवता येईल. पाकिटावर एफ-वन किंवा संकरित लिहिलं असेल तर नको, पुढच्या पिढीत फळं सारखी येत नाहीत. आणि आसपास कोणी दुसऱ्या जातीचं कलिंगड लावलं असेल तर माशीने काय केलंय ते पुढच्या वर्षीच कळेल.

जाई_बदलापूर | ११ एप्रिल, संध्याकाळी ७:४५

काढलं! तणावा बुडापर्यंत वाळला होता, डाग पिवळा. वजन तीन किलो दोनशे. सुरी टेकवली आणि पुढचं फळाने स्वतःच केलं, टर्र करून चिरत गेलं. आत लालभडक, बिया काळ्या कुळकुळीत. मध्यभाग साखर, सालीकडे थोडं कमी. सासऱ्यांनी "बरं आहे" म्हटलं, आमच्या घरात ही मोठी दाद. बिया मुलाने ताटलीत मोजून ठेवल्यात.

दोन प्रश्न. बी कसं साठवायचं? आणि बाकीची दोन काढली की त्याच आळ्यांत लगेच पुन्हा कलिंगड लावू का? शेणखत उरलंय.

रेवदंड्याची | १२ एप्रिल, सकाळी ७:००

वा! तीन किलो म्हणजे छानच झालं.

बी चाळणीत घेऊन पाण्याखाली चोळून धू, चिकटपणा जाईपर्यंत. पाण्यात टाकल्यावर वर तरंगतात ती पोकळ, ती फेक. बुडलेली ताटलीत पसरून सावलीत आठवडाभर वाळव, उन्हात नको. कागदाच्या पुडीत, पुडी काचेच्या बरणीत, बरणीत चमचाभर राख. वर जात आणि वर्ष लिही.

साल टाकलीस का? पुढच्या दोनांची टाकू नकोस. हिरवी साल सोलून पांढरा भाग किस, त्यात तांदळाचं पीठ, मिरची, मीठ, थोडं आलं, आणि घावन घाल. किसाला पाणी सुटतं, वरून घालावं लागत नाही.

पुन्हा कलिंगड आता नको. मे महिन्याचं ऊन आणि त्यावर पावसाळा, पानं भुरी आणि केवड्याने जातील, फळ सडेल. त्या आळ्यांत दुधी, कारली, काकडीही नको, सगळी एकाच कुळातली, मर रोग मातीत राहतो. जुने वेल मुळासकट काढ. माती उलथून मेभर तापू दे. पाऊस पडला की मिरची, वांगी किंवा चवळी लाव. कलिंगड परत त्या कोपऱ्यात आणायचं तर दोन-तीन वर्षांनी. पुढच्या संक्रांतीला काकडीच्या पलीकडे जागा आहे ना, फोटोत तुळशीमागे दिसते ती? तिथे ऊन किती वाजेपर्यंत असतं ते मात्र आत्ता बघू नकोस, जानेवारीत सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो, तेव्हा बघ.